ताऱ्याचे टक्के

ॲन आर्बर, अमेरिका, शुक्रवार संध्याकाळ

जिंकलो! चहा नंतर, आधी हे लिहून काढते.

मुक्ता, माझी भाची, इंग्लंडातल्या लेस्टरहून इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आली ती ए-लेव्हल करून, म्हणजे तिकडची बारावी. विषय तीनच, पण तिन्हींत ए आणि वर तारा. त्याच्यापुढे तिकडे श्रेणीच नाही. हे मी गणपतीत, घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला, कौतुकाने सांगितलं, तर शेजारचे कुलकर्णी वरणभात कालवत म्हणाले, "तारा ठीक आहे हो, पण टक्के किती?" म्हटलं, आधीच्या जीसीएसईत, म्हणजे तिकडच्या दहावीत, तिला सगळीकडे नऊ होते. "शंभरपैकी?" अहो, नऊच सगळ्यांत वरचा! पण तोवर सगळे हसले होते.

पोर तेव्हापासून हिरमुसलेली. त्यात गणिताचे कोर्स माफ व्हावेत म्हणून युनिव्हर्सिटीकडे अर्ज केलेला; त्यांनीही तो तारा मानला नाही, तर पहिल्या वर्षाचं गणित पुन्हा करायचं. मलाही शंका यायला लागली होती. का यावी? कुलकर्णी म्हणाले म्हणून?

आज युनिव्हर्सिटीचं उत्तर आलं. पहिल्या वर्षाचे, कॅल्क्युलसचे दोन्ही कोर्स माफ! मुक्ता थेट पुढच्या वर्गात.

बातमी कुठून पोचली देव जाणे, पण संध्याकाळी कुलकर्णी दारात. "मुक्ता बेटा, आमच्या रोहनला कॅल्क्युलस जड जातंय. जरा शिकवशील?"

एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी ही मुलगी गोड मराठीत म्हणाली, "शिकवेन की, काका. त्याचे टक्के किती?"

लेस्टरच्या मराठीला आज माझ्याकडून ए. आणि वर तारा.