रिंकूच्या पायातली कडी

मंगळवार, संध्याकाळ. मुक्काम खापर.

चार दिवस लिहायचं टाळलं, कारण लिहिलं की कबूल करावं लागणार. सर्वेक्षणात मुलांची उंची-वजनं नोंदवायचं काम मिळालं, आणि मी रिंकू नावाच्या चिमुरडीचं वजन तिच्या पायातल्या चांदीच्या कड्यांसकट लिहिलं. तिची आई कडी काढू देईना. "नजर लागी जाई," म्हणाली. अंगणवाडीच्या ताई वैतागल्या, "भाऊ, लिखी ले ना! रांग देख कितली शे." लिहिलं. रिंकू कुपोषणाच्या रेषेच्या जराशी वर गेली. म्हणजे तिला जादा आहार बंद.

आज भजी खायला निघालो आणि सोनाराच्या दुकानात शिरलो. तसलीच कडी काट्यावर ठेवायला लावली. पाव किलो! आता जेवणार कोण, पोरगी की चांदी? सर्वेक्षणाच्या साहेबांना फोन केला, तर म्हणे, "आकडे वर जिल्ह्याला गेलेत, विसर आता." कसं विसरू? काडीसारखे पाय आणि ती जाडजूड कडी.

बाहेर कोण हाका मारतंय? रिंकूची आईच आलीय. रिंकू कडेवर, पाय मोकळे, कडी आईच्या पदराला बांधलेली. म्हणते, "शेजारनी पोरले जादा खाऊ भेटस, मन्ही पोरले काबर नई? आते तोल."