वाघजाईच्या वळणावर

मुरुड, शुक्रवार

अहो,

तुमच्या माघारी दुसरी दिवाळी झाली आणि आज पहिल्यांदाच तुम्हाला पत्र लिहिते आहे. कारणही तसंच आहे. परवा रविवारी माणगावच्या वाटेवरच्या घाटात पुन्हा मोटारींची शर्यत आहे, आणि तुमची जीप वसंतभावजी चालवणार आहेत. धाकट्या भावाला तुम्ही कधी हात लावू दिला होतात का तिला? काल त्यांनी मागची बाकडी काढली. अजून सुक्या बोंबलाचा वास येतो बरं का!

लढाईत वापरून झालेली ती अमेरिकन जीप तुम्ही आणलीत, तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि मी नुकतीच तुमच्या घरात आले होते. मी म्हटलं, "हिला धड छप्परसुद्धा नाही!" तुम्ही म्हणालात, "छप्पर घराला असतं. ही घाट चढणार." आणि चढलीच की! एरवी मुरुडची मासळी माणगावच्या बाजारात न्यायची आणि वर्षातून एकदा शर्यतीत पळायची.

पहिल्या वर्षी मुंबईच्या एका शेठनं नाकाला रुमाल लावून विचारलं होतं, "वास कसला हो?"

"बोंबलाचा. मागं मांजरं लागतात, म्हणून तर पळते!"

शेठ रुमाल काढून हसला.

गाड्या एकेक करून सोडायचे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ज्याला सगळ्यात कमी वेळ लागेल तो जिंकला. निम्मा घाट तुम्ही वाऱ्यासारखे चढलात. आणि वाघजाईच्या वळणावर काय केलंत? ब्रेक! देवीला हात जोडल्याशिवाय घाटातला ड्रायव्हर पुढे जात नाही. तुम्ही सवयीनं खाली उतरलात, हात जोडलेत, अंगारा लावलात. झेंडा धरलेला माणूस ओरडत होता, "काय झालं? गाडी बिघडली का?"

"न्हाय हो, देवी हाय ना इथं!"

आणि मग तुम्हाला शर्यत आठवली!

शेवटून पहिले आलात आणि घरी येऊन डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. रुसले ती मीच. "पुढच्या वर्षी थांबायचं नाही."

"आणि देवीला काय सांगू?"

"देवीला मी सांगते."

तेव्हापासून दर वर्षी तुमच्या वाटचा नारळ घेऊन मी त्या वळणावर उभी. खालून जीपचा आवाज आला की मी नारळ फोडायची, आणि तुम्ही न थांबता भोंगा वाजवून जायचात. तोच तुमचा नमस्कार. झेंडेवाला विचारायचा, "बाई, गाडी कुणाची?" मी म्हणायची, "आमच्या ह्यांची!"

पहिला नंबर आला त्या वर्षी मिळालेल्या पेल्यातून तुम्ही सोलकढी प्यायलात. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. वाण्याच्या पुड्यांवरून वाचायला शिकलेली मी, आळीभर वाचत फिरले. तुमच्या नावावर मात्र बोट ठेवायची. ते शेजारणींनी म्हणायचं!

प्रत्येक वळणाआधी भोंगा वाजवणारे तुम्ही, शेवटच्या वळणाला का नाही वाजवलात? छातीत दुखतंय, एवढं तरी म्हणायचंत. असो.

परवा वन्सं म्हणाल्या, "आता तू नारळ फोडायचा न्हाय. शर्यतीचा दिस, अपशकुन नको." खरं सांगू? मनातून हलले. तुमच्या भावाला घाटात काही झालं तर? जन्मभर बोल माझ्या कपाळी.

तेवढ्यात जीपखालून भावजींचा आवाज आला, "ताई, वहिनी न्हाय आली तर मला थांबावं लागंल, दादावाणी. येऊ का शेवटून पहिला?"

वन्सं हसू दाबत होत्या. "तू आधी गाडीखालनं बाहेर तर ये!" मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "परसातला मोठा नारळ ने. देवीच्या नावानं कंजूषी नको."

तो सोलून पिशवीत ठेवला आहे. रविवारी मी वळणावर असेन. भावजींना बजावलंय, भोंगा तुमच्यासारखाच लांब वाजवायचा.

आणि एक शब्द देते तुम्हाला. झेंडेवाल्यानं विचारलं, "बाई, गाडी कुणाची?" तर या खेपेला मी तुमचं नाव घेणार. पूर्ण नाव, घाटमाथ्यापर्यंत ऐकू जाईल असं!

वळणावर उभी असलेली,
तुमचीच
यमुना