रणगाड्यावर पिठाची पुडी

३ मार्च
पुढच्या आठवड्यात मोठ्या साहेबांसमोर सराव. प्रश्न एकच: यापुढे हल्ल्यात रणगाडे पुढे की मागे? रणगाड्यांचा मेजर मी. म्हणजे निकाल लागल्यातच जमा.
समोर ड्रोनवाली कॅप्टन. मोठा चष्मा लावून खुर्चीत बसते, आणि याला लढाई म्हणते! ड्रोन केवढं? ताटाएवढं. माझा रणगाडा पन्नास टनांचा. हत्तीने डासाला घाबरायचं?
बायको म्हणाली, मलेरिया डासानेच होतो. तिला चिलखताची जाडी समजावून सांगितली. ती मध्येच उठून दूध बघायला गेली.

५ मार्च, दुपार
रंगीत तालीम. नियम असा, की ड्रोनमधून पिठाची पुडी पडली की रणगाडा मेला. आम्ही दाट झाडीत दडलो. देवालाही दिसलो नसतो. कॅप्टनला दिसलो. पुडी थेट उघड्या झाकणातून माझ्या मांडीवर.
झाकण हवेसाठी उघडं होतं, त्यामुळे हे धरायचं नाही. गनर म्हणाला, साहेब, आपण मेलो. मी म्हटलं, फक्त टेक्निकली.

६ मार्च
संकल्प: झाकण बंद. आत भट्टी. यावेळी पुडी मागून, इंजिनावर.
मागून वार करणं सभ्यपणाचं नाही, असं कॅप्टनला सुनावलं. ती म्हणाली, सर, पुढे चिलखत जाड आहे, म्हणून तर मागे आले. हल्लीच्या पोरींना उलट बोलायला कोण शिकवतं?
पीठ झटकताना ड्रायव्हर हळूच म्हणाला, साहेब, खरं असतं तर घरी कुणी कळवलं असतं? मी म्हटलं, इंजिनाकडे लक्ष दे.
रात्री तळावर जेवण गेलं नाही. मेसचा आचारी अलीकडे बिघडलाय.

८ मार्च
जालीम उपाय सापडला! वरून लोखंडी जाळी. वेल्डरने विचारलं, कोंबड्या किती ठेवणार? दुर्लक्ष केलं.
किरकोळ अडचण: जाळीमुळे तोफ फिरत नाही. सध्या फक्त मेसवर रोखलेली आहे. आचारी घाबरून आहे. आज रस्सा बरा होता.

१० मार्च, सराव
रात्रभर खपून जाळी कापली. तोफ फिरते. सर्वांत पुढे मी. पहिली पुडी जाळीने झेलली! मी आतल्या आत टाळ्या वाजवल्या. मग दुसरी आली. मग तिसरी, जिथे जाळी कापली होती तिथून.
मोठे साहेब म्हणाले, तिचं ड्रोन किती स्वस्त, आणि तुमचा रणगाडा? मी म्हटलं, सर, दर्जाला मोल असतं.
दुपारी त्यांनी आम्हा दोघांना एकाच बाजूला घातलं. मी टेकडीमागे, कॅप्टनचं ड्रोन वर. ती रेडिओवर सांगत गेली, थोडं डावीकडे सर, अजून थोडं. टेकडीपलीकडचं सरावासाठी उभारलेलं नकली ठाणं, जे मला दिसतही नव्हतं, दोन गोळ्यांत उडालं. ड्रायव्हर आनंदाने ओरडला. खरं सांगायचं तर मीही.
ही जोडीची कल्पना मुळात माझीच. बोलून दाखवायची राहून गेली होती, इतकंच.

१२ मार्च
हुकूम आला. ड्रोन पुढे, रणगाडे मागे. बोलावलं की यायचं. म्हणजे आम्हाला राखून ठेवलंय. हुकमाचा एक्का कुणी आधी टाकतं का?
बायको म्हणाली, बरं झालं. आणि बराच वेळ माझा हात सोडला नाही. तिला डावपेच कळत नाहीत.

१५ मार्च, सकाळ
आलं बोलावणं! कॅप्टन रेडिओवर: सर, रणगाडा ताबडतोब हवा. तीन मिनिटांत हेल्मेट घालून निघालो. गनरला म्हटलं, बघ, शेवटी आपल्यावाचून अडलंच.
पोचलो. तिचा जनरेटर बंद पडलाय. आता आमच्या इंजिनावर तिच्या आठ बॅटऱ्या चार्ज होतायत. आवाज फार होतो, झालं की लगेच बंद करा, म्हणाली.