पुढं चालणारी शेळी

बा, मेंढरांचा कळप पाण्यात घालायचा असला की पुढं कोण जातं, हे मी विसरले होते. तुझी लेक, आणि विसरली! आठवण करून दिली ती दिंद्रुडच्या शाळेतल्या पाचवीच्या एका पोरीनं. आज सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नाही. चहा दोनदा उतू गेला. सून म्हणते, "आत्याबाई, तुम्हाला झालंय तरी काय?" म्हटलं, मला काही नाही, माझं पुस्तक दुरुस्त झालंय. तिला एवढ्यानं काय कळणार, म्हणून तुला लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, ते ठाऊक आहे मला. तरी पण.

तू गेल्यावर मी लेकरांसाठी गोष्टी लिहायला लागले, बा. आजकालच्या लिहिल्या. बापासोबत गॅरेजमध्ये मोटारसायकल खोलणाऱ्या पोरीची लिहिली, ती तर पोरांनी पानं सुटेस्तोवर वाचली. जुन्या काळातल्याही लिहिल्या. ही आताची निजामाच्या राज्यातली. धनगराची पोर मेंढरं घेऊन चौकीसमोरून नदीपार जाते आणि तिच्या लाडक्या कोकराच्या लोकरीत निजामाविरुद्ध लढणाऱ्यांची एक चिठ्ठी दडवलेली असते. कोकरू सगळ्यांच्या पुढं पाण्यात उडी घेतं, मागून अख्खा कळप. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला होता. छापायच्या आधी पोरांच्या कानावर घालावी म्हणून मागच्या आठवड्यात शाळेत गेले. कोकरानं उडी घेतली अन् मागच्या रांगेतून आवाज आला, "आजी, हे खोटं हाय."

"कावून गं?"

"मेंढरू आदी पाण्यात शिरतच न्हाई. म्होरं शेरडू लागतंय. शेरडू गेलं की मंग मेंढरं जात्यात."

गुरुजींनी डोळे वटारले. "खाली बस. पाहुण्यांना असं बोलतात?" पण ती कसली बसते! मला खालून वर न्याहाळून म्हणाली, "तुमी कदी मेंढरं राखली न्हाईत जणू!" सगळा वर्ग खिदळला. मीही हसले. "राखली गं बाई," एवढंच म्हणाले.

तुला तेलगावच्या बाजारातला तो फळवाला चाचा आठवतो का? पेरू बांधायला त्याच्याकडं पोरांच्या मासिकांची रद्दी असायची. तू त्याला शेळीचं दूध द्यायचास आणि तो मला कागदावरचं एकेक अक्षर बोट ठेवून दाखवायचा. "पेरू खा बेटी, कागद नक्को फेकू." तेवढीच माझी शाळा. दिवस मावळायला तळावर बसून मी तुला अडखळत वाचून दाखवायचे. गोष्ट रंगात यायची आणि नेमका तिथंच कागद फाटलेला. तुझा भाकरी थापणारा हात थांबायचा. "मंग फुडं काय झालं?" पुढचं कागदावर नसायचंच. मग मी आपलं मनानं जोडून द्यायचे, आणि तू मान डोलवून भाकरी उलटायचास. लोक विचारतात, गोष्टी रचायला कुठं शिकलात? काय सांगू, पेरूच्या पुड्यावर?

शाळेतून परतताना एसटीच्या खिडकीशी बसले आणि सिंदफणेचा तो दिवस समोर येऊन उभा राहिला. मी नऊ-दहा वर्षांची. कळप काठाशी आलाय, मेंढरं एकमेकांना रेटतायत, पण पाण्यात एक पाय पडत नाही. रोज पुढं असते ती ठिपक्यांच्या कानांची शेळी आज नाही. मागची पुढच्यांना ढकलतात, काठावरची कोकरं पाण्यात पडतात, तू काठी टाकून उडी मारतोस. दोन्ही काखांत कोकरं धरून वर येतोस, पुन्हा जातोस. सगळी निघाली. मी बोटानं दूध चाटवून वाढवलेलं कोकरू तेवढं वाहून गेलं. तू धापा टाकत विचारलंस, "शेळी कुठं हाय?" मी म्हणाले, "मागं राहिली. पाला खात." मला तू एका शब्दानं बोलला नाहीस. शेळीवर मात्र उखडलास. "म्होरक्यानंच पाल्यात तोंड घातल्यावर कळपानं काय करावं!" पुढच्या बाजाराला तू ती विकलीस. जाताना ती मागं वळून ओरडत होती, आणि मी मान खाली घालून पीठ मळत होते.

खरं सांगू, विसरले बिसरले काही नव्हते मी. कागदावर तरी माझं कोकरू पुढं जावं आणि पलीकडं लागावं, असं वाटलं. म्हातारपणी माणूस असले लाड करतं.

दुसऱ्याच दिवशी प्रकाशकांना फोन लावला. ते म्हणाले, "बाई, पानं छपाईला लागलीत. एका शेळीसाठी पुस्तक थांबवायचं का?" म्हटलं, "व्हय, शेळीसाठीच." "अहो, लेकरांना काय कळतंय?" "त्यांनाच कळलंय, म्हणून तर फोन केला!" शेवटी चार दिवस दिले त्यांनी. चार दिवसांत तीन प्रकरणं उसवली आणि नव्यानं शिवली. बोटं ठणकतायत, पण मन कसं वासरासारखं उधळलंय! आता पुढं शेळी आहे. पण गोष्टीतल्या पोरीला वाटतं, आपलं कोकरूच पुढं जावं, म्हणून ती शेळीला बाभळीला बांधून ठेवते. कळप काठावर अडतो, चौकीतला शिपाई उठून बघायला लागतो, आणि पोरगी बापाकडं धावत जाऊन सगळं खरं सांगते. बाप काय म्हणाला, ते मात्र लिहवेना. तिथं माझाच कागद फाटलेला. दोन दिवस त्या एका ओळीवर अडून बसले. काल सुचलं. बाप म्हणतो, "मंग फुडं?" आणि पोरगी पळत जाऊन शेळी सोडते.

सोमवारी पुन्हा दिंद्रुडला जाणार आहे, त्या पोरीसमोर वाचायला. परीक्षेला बसल्यासारखी धडधड होतेय, बा! हा कागद कुठल्या पेटीत टाकू? दुरुस्तीच्या पानांखाली ठेवून देते. त्या दिवशी आपली शेळी पाला खात नव्हती. तिचं तोंड पाल्यापर्यंत पोचतच नव्हतं, इतकं आखूड दावं बांधलं होतं मी.