मेहुण्याच्या नावानं

३ नोव्हें., सोम. अहमदपूर
बायको, सु., घर सोडून गेल्याला अकरा दिवस. लातूरला लेकीकडं आहे. शेजाऱ्यांना सांगितलंय, नातवाला दात येतायत. नातवाचे दात दिवाळीआधीच आलेत. आज तिचा फोन : "गटात जा. तीन महिने कोरडे राहा. मग येते." ठेवला.
दारू सोडणाऱ्यांचा गट लातुरातही आहे. पण अर्धं लातूर आमचं पाव्हणं, उरलेल्या अर्ध्याच्या टोप्या मी माझ्या साप्ताहिकात उडवलेल्या. म्हणून नांदेड. फी नाही म्हणे. फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात. मागं कोण असेल? बाबा, पुढारी, की दारू सोडवायची पावडर विकणारा?

४ नोव्हें., मंगळ.
डॉक्टरच्या गोळ्या घेऊन एसटीत बसलो. शाळेची खोली, पोरांची बाकं, गुडघे पोटात. भिंतीवर देव नाही, पुढारी नाही. म्हणजे जास्तच हुशार लोक.
नऊ माणसं. चहा ओतणारे दत्ताभाऊ, रिटायर कंडक्टर. तेरा वर्षं कोरडे, असं तेच सांगतात. काय विकतात ते शेवटी कळेल म्हणून थांबलो. काहीच विकलं नाही. संशय वाढला.
माझी पाळी. "नुसतं नाव सांगा, बस्स." पण नुसत्या नावावर आपल्याकडं कुणी कधी थांबलंय? खरं सांगायचं नव्हतं आणि जिभेची सवय सुटेना : नाव, गाव, धंदा, सगळं ओळीनं. बालाजी. उमरी. खत-बियाण्याचं दुकान, स्टँडसमोर.
बालाजी म्हणजे सु.चा धाकटा भाऊ. चहासुद्धा पीत नाही. इतकं स्वच्छ नाव, थोडं वापरलं तर काय झिजतंय.

११ नोव्हें., मंगळ. नांदेड
आठवडा कोरडा, असं सांगितलं. टाळ्या. (बुधवार वगळून. ते सांगितलं नाही.)
दत्ताभाऊ "बालाजीभाऊ" म्हणतात आणि मी दाराकडं बघतो, कोण आलं म्हणून.
मागच्या बाकावरचा एकजण सारखा माझ्याकडं बघून राहिला. उमरीजवळच्या खेड्यातला. "तुमच्या दुकानाची पाटी रोज बघतो मालक. तुमी कधी दिसले न्हाईत."
"मी आत असतो."
"हाव का."
तो 'हाव का' मला आवडला नाही.

१६ नोव्हें., रवि.
सु.चा फोन. रडत होती. बालाजीच्या पोरीला चाकूरची माणसं पसंत करून गेली होती, येत्या गुरुवारी सुपारी फुटायची होती. आज निरोप : जरा थांबू. त्यांच्या कानावर आलंय, मुलीचा बाप दारू सोडायच्या गटात जातो.
"माझा भाऊ! अहो, तो खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन पितो."
"लोक काय, काहीही बोलतात," मी म्हणालो.
वाक्य लिहून ठेवतोय. इतकं हलकट मी साप्ताहिकातही लिहिलेलं नाही.
कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलो. परत आलो. पुन्हा गेलो. परत आलो.

१७ नोव्हें., सोम.
सकाळी दत्ताभाऊंना झाडलं. तुमचा गट गळका आहे, मला आधीच शंका होती, वगैरे. म्हणाले, विचारून सांगतो.
दुपारी त्यांचाच फोन. "चुकलं आमचं. त्या उमरीकडच्या माणसानं बायकोला सांगितलं. उमरीचे मालक येतेत, मंग आपल्याला कसली लाज, असं. तिनं पुढं नेलं. त्याला बोललो मी. रडला." मग : "पर ते नाव तुमचं न्हाई ना?"
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"तीस वर्षं बिनतिकिटाचे चेहरे बघितलेत. हाक मारली की तुमी दाराकडं बघता."
"मग बोलले का नाहीत?"
"बसला व्हतात ना येऊन. तेवढं लई हाय."
यात काय विकलं, ते अजून शोधतोय.

१८ नोव्हें., मंगळ. नांदेड
उभं राहून खरं नाव सांगितलं. बुधवारचंही. टाळ्या नाहीत. मागच्या बाकावरून फक्त : "हाव का." या वेळी बरा वाटला.
बाहेर येऊन सु.ला सगळं सांगितलं. "बालाजीला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."
बालाजीला सांगितलं. "दाजी," एवढंच म्हणाला, "दुसरं नाव सापडलं न्हाई का?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ नोव्हें., बुध. चाकूर
मुलाकडच्यांना खरं सांगायला आलो. दत्ताभाऊ सोबत येतो म्हणाले. नको म्हटलं. त्यांचं तेरा वर्षांचं समाधान बघून पाव्हणे मला बघून घाबरतील त्याहून जास्त घाबरतील.
ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मुलाच्या बापानं विचारलं, "पाव्हणं कुठलं म्हणायचं?" सांगितलं. नाव, अहमदपूर, धंदा, मुलीच्या आत्याचा नवरा. मुलीचा बाप चहासुद्धा पीत नाही. पिणारा मी, त्याचं नाव लावणाराही मीच.
ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, वास घेतायत. घेऊ देत, आज चौदावा दिवस.
"आणि हे खरं कशावरून?" म्हणाले. "मेहुण्यासाठी माणूस काय वाटेल ते बोलतो."
माझ्याहून संशयी माणूस पहिल्यांदाच भेटला. नांदेडला चला म्हणालो, मंगळवारी, स्वतः बघा. उठून आत गेले.
अर्धा तास झाला. आत बायकांची कुजबुज चाललीय. स्टँडवर गाडी लागल्याची घोषणा इथवर ऐकू येतेय. लातूरची, सु.कडं जाणारी.
दार अजून लोटलेलंच आहे. मी उठलेलो नाही.