साडेअकरा की साडेतीन

९ ऑक्टोबर, सोमवार

साडेअकरा की साडेतीन — एवढंच विचारलंय. आणि तेवढ्यावरून आमच्या घरात सकाळपासून अबोला!

तिकिटं लेकीने काढून दिली. बाबांच्या निवृत्तीची भेट. आठ दिवसांची सफर, भलंमोठं क्रूझ जहाज, निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी, तेही आपल्याच बंदरातून. सगळं ठरलंय. आता कंपनीला फक्त हवंय की तुम्ही जहाजावर चढणार कधी? लवकरचा गट साडेअकराला, उशिराचा साडेतीनला. जहाज सुटणार पाचला.

मी म्हटलं, लवकर. मास्तर म्हणाले, उशिरा. का? तर म्हणे, "उगाच."

या माणसाचा जन्म जहाजं हलवण्यात गेला. टगचे मास्तर आहेत. टग म्हणजे ती ठेंगणी, जाडजूड बोट, मोठ्या जहाजाला ढुशा देऊन वळवते ती. टगवरचे सगळे 'मास्तर' म्हणतात म्हणून या वहीत मीही म्हणते. तोंडावर मात्र 'अहो'. हजार जहाजं हलवली असतील, पण प्रवासी म्हणून एकावरही पाय ठेवलेला नाही. आणि आता संधी आली तर म्हणे उशिरा!

११ ऑक्टोबर, बुधवार

लेकीचा फोन. "आई, लवकरचंच घे. निवांत जेवण मिळतं, गर्दी व्हायच्या आत सगळं जहाज फिरून होतं."

दाताच्या दवाखान्यात, मी घरी बनवते त्या कवळ्या द्यायला गेले तर डॉक्टर म्हणाले, "छे, उशिरा जा. रांगच नसते. आम्ही नुसते शिरलो."

या दोघांना काय, उंटावरून शेळ्या हाकायच्या.

डॉक्टरांना काय सांगणार की प्रश्न रांगेचा नाहीच. घरी आले, मेणात दात बसवत बसले. वरची कवळी. मन थाऱ्यावर नव्हतं, पुढचा दात वाकडा बसला. काढला, परत बसवला.

१४ ऑक्टोबर, शनिवार

हसावं की रडावं! आज कळलं की केबिन मास्तरांनी निवडली आहे. लेकीने लाडाने विचारलं होतं, "बाबा, कुठली हवी?" लोक वरची घेतात, गॅलरीची, समुद्र दिसणारी. आमच्या मास्तरांनी घेतली सगळ्यात खालच्या मजल्यावरची. एक गोल खिडकी, पाण्यापासून जेमतेम वर.

"अहो, पण का?"

"सगळ्यात मजबूत जागा आहे ती."

जहाजाच्या अंगावर म्हणे खुणा रंगवलेल्या असतात, टगने कुठे टेकायचं त्या. तिथे आतून जाड लोखंड असतं. नकाशा बघून यांनी बरोबर खुणेच्या वरची केबिन घेतली. सुट्टीला जायचं तर माणूस हवा बघतो, उजेड बघतो. हा माणूस बघतो धक्का कुठे सोसेल! आता बदलूनही मिळत नाही. जावई फोनवर इतके हसले की लेकीने फोन काढून घेतला.

१८ ऑक्टोबर, बुधवार

आज बघितलं. आमचं जहाज! या मोसमात दर पंधरवड्याला येतं.

दवाखान्याकडे निघाले होते. गोदामांच्या गल्लीत वळले आणि थबकलेच. त्या गल्लीच्या टोकाला एरवी दोन क्रेन दिसतात आणि मागे आकाश. आज आकाश नव्हतं. पांढरी भिंत होती. खिडक्याच खिडक्या, मान मागे टाकली तरी संपेनात. आणि ती भिंत सरकत होती! आवाज नाही, घाई नाही. अख्खी वस्तीच्या वस्ती, गच्च्या-जिन्यांसकट, गल्लीच्या तोंडावरून सावकाश चालली होती. पार वर कुणीतरी टॉवेल झटकत होतं. माणूस केवढा दिसावा? दाण्याएवढा.

हातगाडीवाला गाडी सोडून उभा राहिला. एक बाई तोंडावर हात ठेवून बघत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं, मला अजून सांगता येत नाही. भीती नव्हती. एवढं मोठं काही इतकं हळुवार चालू शकतं, त्याचंच असेल.

घरी आल्यावर मास्तरांना सांगत सुटले. ऐकून घेतलं सगळं. मग विचारलं, "टग दिसली?"

"नाही हो."

"नाहीच दिसत. पलीकडच्या अंगाला असते. तशी आज नुसती राखण होती. वारा नसला की या जहाजांना आमची गरज नसते."

इतक्या वर्षांत यांना काम करताना मी एकदाही जवळून पाहिलेलं नाही. हे आजच लक्षात आलं. नवल आहे!

२१ ऑक्टोबर, शनिवार

अखेर बोलले. चहा पिता पिता, खिडकीकडे बघत. "एकदा धक्क्यावर उभं राहून बघायचंय गं. हातात काम नसताना. आत शिरलं की जहाज दिसत नाही, नुसते जिने दिसतात."

मला गलबलून आलं. पण मी विरघळले नाही. म्हटलं, लग्नाच्या दिवशी जहाज आलं, वरात खोळंबली. लेक झाली, तुम्ही टगवर. माझी आई गेली, तुम्ही पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. मी कधी बोलले? जहाज आधी, मी नंतर — गिळलं मूग आणि बसले. पण एकदा, फक्त एकदा, जहाजाच्या आधी मी!

आणि खरी भीती तर बोललेच नाही. ती इथेच लिहिते. धक्क्यावर उभे राहिले की यांचा पाय टगकडे वळणार. कुणीतरी हाक मारणार, "मास्तर, जरा बघता का?" आणि हे चढायचेच नाहीत. निवृत्ती कागदावरच राहणार. साडेअकरा झाले तर मास्तर माझे. साडेतीन झाले तर बंदराचे.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

मास्तरांनी स्वतः माझा फोन घेतला, चष्मा लावला आणि साडेअकरावर बोट दाबलं. "घे. जहाजाच्या आधी तू."

३१ ऑक्टोबर, मंगळवार

निरोप समारंभ. बंदर अधिकाऱ्यांनी लांबलचक भाषण केलं. मग मास्तरांना बोलायला उभं केलं. "बरं, चला," म्हणाले आणि बसले! हॉल हसून हसून बेजार.

उद्यापासून टग धाकटा मास्तर चालवणार. यांच्याच हाताखाली तयार झालेला. यांनी किल्ल्या दिल्या तर त्या दोन्ही हातांनी घेतल्या त्याने. यांचा चेहरा मला बघवला नाही.

बॅगा भरल्या. संध्याकाळपासून वारा सुटलाय. खिडक्या वाजताहेत.

१ नोव्हेंबर, बुधवार. दुपार

केबिनमध्ये आहे. एकटी.

नीट लिहिते. अकराला धक्क्यावरच्या हॉलमध्ये पोचलो. वारा असा की छत्र्या उलटत होत्या. रांगेत उभे राहिलो आणि यांचा फोन वाजला. "नाही. मी कालच सुटलो." फोन खिशात. परत वाजला. परत "नाही."

"अहो, काय झालं?"

"काही नाही."

खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. वारा जहाजाला दगडी बांधाकडे ढकलणार, म्हणून आज दोन टग लागणार. एका टगवर तिचे नेहमीचे मास्तर आहेत. यांच्या टगवर धाकटा, त्याचा पहिलाच दिवस. एवढ्या वाऱ्यात नवख्याने एकट्याने टग चालवायची नाही, असा बंदराचा नियम. म्हणजे यांना एक दिवस मुदत वाढवून बोलावलंय. नाहीतर जहाज वारा पडेपर्यंत इथेच.

"आणि तुम्ही नाही म्हणालात?"

"तुला शब्द दिलाय."

खरंच दिला होता आणि पाळतही होते. शहाण्यासारखे रांगेत उभे, हातात पासपोर्ट. पण डोळे काचेपलीकडे पाण्यावर. माणूस माझ्याशेजारी आणि जीव तिकडे. असा मास्तर घेऊन मी आठ दिवस काय करू?

"जा," म्हटलं.

"आणि तू?"

"मी चढते. लवकर. ठरल्याप्रमाणे."

पुढच्या बंदरात परवा पोचवायची व्यवस्था अधिकारी करणार आहेत, असं म्हणाले. माझा हात घट्ट दाबला. आणि पळाले! बॅग माझ्याजवळच. या वयात, त्या वाऱ्यात, पळाले. लग्नानंतर यांना पळताना पहिल्यांदाच बघितलं.

खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "तुमच्याबरोबरचे?"

"ते उशिरा चढणार आहेत."

"साडेतीनला?"

"परवा."

ती बघतच राहिली.

आत शिरले आणि भांडण, वारा, सगळं विसरले. काय सांगू! मधोमध चौक, सहा-सात मजले उघडा, त्यात झाड — खरं झाड! पान चुरगळून बघितलं. काचेच्या लिफ्ट वरखाली करताहेत, कुणीतरी पियानो वाजवतंय, आणि पायाखाली जमीन इतकी स्थिर की समुद्र कुठे आहे ते विचारावं लागावं. एका जिन्यावर उभी राहून नुसती वर बघत होते. एका आजोबांनी विचारलं, "हरवलात का?" म्हटलं, "हो. राहू द्या."

१ नोव्हेंबर, संध्याकाळ

सगळे वरच्या डेकवर गेले, हात हलवायला. मी खाली केबिनमध्ये आले. माझं माणूस खालीच होतं ना.

गोल खिडकीला नाक लावून उभी. आधी नुसतं पाणी. करडं, उसळणारं. मग दोर सुटल्याचा आवाज आणि जहाज धक्क्यापासून निघालं. पलीकडे तो दगडी बांध, त्यावर लाटा फुटताहेत. तो जवळ यायला लागला! आम्ही त्याच्याकडे सरकत होतो.

आणि मधल्या त्या अरुंद पाण्यात टग शिरली. एवढीशी! मागे दगड, पुढे आमचं हे चौदा मजली धूड. कुठलं शहाणं माणूस तिथे शिरेल? सरळ माझ्या अंगावर चालून आली, नाक टेकलं, बरोबर माझ्या खाली. भिंतीतून कंप आला, माझ्या तळव्यांना जाणवला. टगची काच माझ्या खिडकीसमोर आणि काचेमागे मास्तर. तोंडावरची रेघ न् रेघ दिसली मला. असा चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता. या घरी येणाऱ्या, चष्मा शोधणाऱ्या माणसाचा नव्हताच तो.

त्यांनी वर बघितलं. मी दिसले. मी हात हलवला. त्यांनी नाही. लगेच खाली वाकले आणि काचेवर पाण्याचा फवारा आला. मग काही दिसलं नाही.

बांध थांबला. खरंच थांबला! मग हळूहळू लांब जायला लागला. टग जरा मागे झाली, जहाजाच्या टोकाकडे गेली, परत टेकली आणि ते शेवटचं वळण — कसं लिहू? एवढं मोठं जहाज झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तसं फिरवलं. कुठे हिसका नाही. टेबलावरचा पाण्याचा ग्लास हललासुद्धा नाही. मी भिंतीला धरून रडले. इतकी वर्षं मी जहाजाच्या नावाने बोटं मोडत होते. हे करत होता का हा माणूस? रोज?

२ नोव्हेंबर, गुरुवार

चारी बाजूंना पाणी. जमीन कुठेच नाही. सकाळपासून डेकवर बसून आहे, बघून पुरत नाही.

मधेच फोन लागला. आवाज दमलेला. म्हणाले, अधिकाऱ्यांनी आणखी सहा महिने थांबायची विनंती केली आहे. "उत्तर द्यायचंय. भेटल्यावर बोलू." फोन कटला.

बोलायचं काय त्यात? महिन्यापूर्वी मी आकाशपाताळ एक केलं असतं. आता नाही. असा हात देवाने दिलाय तर तो घरी बसवणारी मी कोण? उद्या आल्या आल्या सांगणार — घ्या सहा महिने. वर्ष घ्या. आणि एकदा मला टगवर न्या.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

मास्तर आले. चढले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "नाही म्हणून आलोय."

"का पण?"

शेजारी टेकले. मग म्हणाले, "इतकी वर्षं लोखंड ढकललं. आत माणूस असतं हे परवा पहिल्यांदा दिसलं. तुझं तोंड दिसलं आणि हात कापायला लागले. थांबेचनात. धाकट्याच्या हाती दिली. शेवटचं वळण त्याने घेतलं, मी नुसता मागे उभा होतो. चांगलं घेतलं पोराने."

कोणतं वळण बघून मी रडले, ते त्यांना सांगितलं नाही.