खुर्चीचं भाडं

गार्डीना, कॅलिफोर्निया
जून १९७१

आदरणीय आर्डिसताई,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, कंबर परवानगी देईल तेवढं वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या डुलूथच्या तळ्यावरचा बर्फ एकदाचा वितळला ना? चर्चच्या महिला मंडळानं तुम्हाला पुन्हा अध्यक्ष केलं हे वाचून आनंद झाला. (दुसरं कोणी उभं राहायची हिंमत करणार नव्हतंच, पण आनंद झाला.) माझी तब्येत ठणठणीत आहे. जेवण वेळेवर होतं, झोप लागते, घर नीटनेटकं आहे. थोडक्यात, माझी काळजी करण्याचं काही कारण नाही.

तुमचं पत्र मिळालं आणि लोकरीचे मोजेही मिळाले. मोजे फार ऊबदार आहेत. (डावा उजव्यापेक्षा जरा लांब आहे, पण माझा डावा पायही हल्ली लांब वाटतो.) इथे सध्या फुटपाथवर अंडं तळता येईल असं ऊन आहे, तरी तुमचा मान म्हणून मी ते घालून पाच मिनिटं बसलो आणि मग पाय बादलीत सोडले. मोज्यांचे आभार मानून पत्र संपवलं असतं, पण तुमच्या पत्रात एक वाक्य होतं. बहिणीला माहेरी यायला मिळावं म्हणून नाणं-नाणं गुपचूप साठवणारा नवरा आपल्या घराण्यात आजवर कोणाला मिळाला नाही, असं तुम्ही लिहिलंत. ताई, तो पैसा कुठून आला ते तुम्हाला कळायलाच हवं. फक्त एक विनंती, यातलं तुमच्या इंगाला काही सांगू नका.

आमच्या गावातल्या पत्त्यांच्या क्लबची रीत तुम्हाला ठाऊक नसणार. लास व्हेगासच्या कॅसिनोत पोकर खेळायला बसलात तर पत्ते वाटणारा माणूस प्रत्येक डावाच्या पैशांच्या ढिगातून चिमूटभर काढतो आणि टेबलाच्या फटीत सारतो. ते कोणाला दुखत नाही, कारण चिमूट जाते जिंकणाऱ्याच्या पैशातून आणि जिंकणारा त्या वेळी हसत असतो. आमच्याकडचा कायदा सोवळा. क्लबवाल्यानं डावातल्या पैशाला बोटसुद्धा लावायचं नाही. म्हणून तो खुर्चीचं भाडं घेतो. पत्ते आपले आपणच पिसायचे, आपणच वाटायचे, आणि दर अर्ध्या तासाला मिसेस ओचोआ एप्रनचा खिसा पुढे करून टेबलाभोवती फिरते. तुम्ही जिंका, हरा, डुलक्या काढा, भाडं तेच. आमचा मिल्ट (क्लीव्हलंडचा निवृत्त दाताचा डॉक्टर, माझा इथला सगळ्यात जुना मित्र आणि त्याहून जुना कंजूष) बरोब्बर भाड्याच्या वेळी लघवीला उठतो. मिसेस ओचोआ त्याच्या खुर्चीच्या पाठीवर आपला रुमाल टाकून पुढे जाते. मिल्ट परत येतो, रुमाल बघतो आणि जन्माचं दुःख झाल्यासारखा पैसे काढतो. वर्षानुवर्षं हेच चाललं आहे, दोघांनाही कंटाळा येत नाही.

तर गेल्या हिवाळ्यात (इथला हिवाळा म्हणजे तुमचा जुलै) माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी बस चालवून निवृत्त झालेला माणूस, मला घरच्या खुर्च्या काय कमी आहेत? स्वयंपाकघरात सहा आहेत, सगळ्या माझ्या, एकीचंही भाडं नाही. मी मिल्टला म्हटलं, पॉलीन कोवाचला म्हटलं, शेजारच्या रोपांच्या नर्सरीवाल्या नाकाटाला म्हटलं, की उद्यापासून खेळ माझ्या घरी. पॉलीन म्हणजे केस कापण्याच्या दुकानात उभं आयुष्य काढलेली विधवा बाई. तिनं एकच विचारलं, "इंगाला विचारलंस का?" मी म्हटलं, "इंगाला काय विचारायचं? तिला सोबतच होईल." इंगानं सँडविचं केली.

ताई, पहिला दिवस स्वर्गासारखा गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की कोणी उठतच नाही. क्लबात हरणारा माणूस मिसेस ओचोआ दिसली की मनाशी विचार करतो, आणखी अर्धा तास मार खायचे पैसे द्यायचे, की घरी जाऊन बायकोचा फुकट खायचा? आणि उठतो. ते भाडं म्हणजे खरं तर घरी जायची आठवण असते. माझ्या घरी आठवण करून द्यायला कोणी नव्हतं. फुकट ते पौष्टिक. मिल्ट दुपारच्या जेवणानंतर आला, रात्रीच्या जेवणाला थांबला आणि सकाळी नाश्त्याला आमच्या सोफ्यावरून उठून आला. पुढच्या आठवड्यात त्याच्या सपाता आल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याचं टपाल आमच्या पत्त्यावर यायला लागलं.

त्यात भांडणं. क्लबात वाद झाला की टाय लावलेला एक गृहस्थ येतो, निकाल देतो, आणि भांडणारे दोघं मिळून त्याला शिव्या घालतात, त्यामुळे त्यांची मैत्री टिकते. माझ्या घरी पॉलीनचा एक पत्ता जमिनीवर पडला. तो डाव मरतो की चालतो? मिल्ट म्हणाला मेला. पॉलीन म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही दात काढा, नियम काढू नका." मग दोघांनी माझ्याकडे बघितलं, कारण घर माझं. मी पॉलीनच्या बाजूनं निकाल दिला (तिची पर्स जड आहे). मिल्ट दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि ते दोन दिवस माझ्याच घरी राहून, माझ्याच बायकोनं केलेला ॲपल पाय खात बोलला नाही.

दरम्यान पाव, हॅम आणि कॉफी यांत माझं पेन्शन वितळायला लागलं. इंगा एकदा फक्त एवढंच म्हणाली, "क्लबात तू बसायचे पैसे देतोस. इथे मी दिवसभर उभी असते, त्याचे कोण देतं?" हे चेष्टेत म्हणाली असं मी धरून चाललो. (धरून चालणं फार सोयीचं असतं.) पण बोलणं मनाला लागलं, आणि मी काय केलं असेल? कॉफीचा एक रिकामा डबा घेतला, झाकणाला फट पाडली आणि टेबलाखाली माझ्या पायाशी ठेवला. प्रत्येक डावातून चिमूट डब्यात. खर्चासाठी, असं मी बाकीच्यांना सांगितलं. इंगाला सांगितलं नाही, कारण तिला सांगितलं असतं तर तो खरंच खर्चाला गेला असता.

आता गंमत बघा. महिनाभरात मिल्ट हरत होता, पॉलीन हरत होती, नाकाटा हरत होता आणि मीही हरत होतो. प्रत्येकाला वाटे दुसरा जिंकतोय. एकमेकांच्या बाह्यांकडे बघणं सुरू झालं. शेवटी नाकाटानं, जो दिवसातून चार शब्द बोलतो, त्या दिवसाचे सगळे शब्द एकदम खर्च केले. "इथे जिंकतोय तो डबा," तो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवसाच्या कोट्यातून आगाऊ उचल घेऊन पुढे म्हणाला, की डावातून चिमूट काढणं आपल्या राज्यात क्लबवाल्यालाही मना आहे, घरात काढणाऱ्याला तर थेट आत टाकतात.

आणि दैव असं की त्याच दुपारी दारावर पोलीस. मी डबा पोटाशी धरून झोपायच्या खोलीत पळालो आणि दिसेल त्यात कोंबला. दिसला तो कपाटातला इंगाचा टोपीचा खोका. बाहेर येऊन बघतो तर पोलीस मिल्टच्या गाडीबद्दल विचारत होता. ती पलीकडच्या शेजाऱ्याच्या फाटकासमोर इतके दिवस उभी होती की शेजाऱ्याला मालक वारला असावा असं वाटलं. मिल्टनं गाडी हलवली. डबा मात्र मी तिथेच राहू दिला, कारण त्याहून सुरक्षित जागा मला सुचली नाही. मी स्वतः लूथरन, दर वर्षी चर्चला जाणारा. ईस्टरला बायका ठेवणीतली टोपी घालतात हे माझ्या ध्यानात राहायला हवं होतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी इंगा डबा दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात आली. तिचे डोळे भरले होते. मी मनातल्या मनात वकील शोधायला लागलो. ती म्हणाली, "ऑर्विल, किती दिवस साठवत होतास?" मी म्हटलं, "बरेच दिवस." (हे खरं होतं.) ती म्हणाली, "मला ताईकडे जायचंय हे तुझ्या लक्षात होतं. मी तर बोलायचंसुद्धा सोडलं होतं." आणि तिनं माझ्या कपाळावर ओठ टेकले. ताई, मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण सोफ्यावरून मिल्ट उठला. त्या डब्यातला निम्मा पैसा त्याचा, आणि हा माणूस म्हणजे खुर्चीचं भाडं चुकवण्यासाठी मूत्राशयाला शिस्त लावणारा. तो म्हणाला, "इंगा, केव्हापासून सांगतोय तो आम्हाला, इंगाला डुलूथला पाठवायचंय, इंगाला डुलूथला पाठवायचंय. आमचे कान किटले." पॉलीननं पर्समधून एक नोट काढून डब्याच्या फटीत सारली आणि नाक शिंकरलं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी नाकाटानं स्वतःच्या ट्रकमधून इंगाला बस स्टेशनवर सोडलं, हातात लिंबांची पिशवी देऊन.

म्हणून आभार मानायचेच तर त्यांचे माना, ताई. मी ज्याला इतकी वर्षं चिक्कू म्हणत आलो त्या मिल्टचे मी रोज मनात आभार मानतो. (इंगा गेल्यावर सँडविचं बंद झाली, तेव्हा त्याच संध्याकाळी तो सपाता घेऊन आपल्या घरी गेला. तेवढ्यापुरते आभार वेगळे.) मी मिसेस ओचोआचेही आभार मानतो. आम्ही सगळे क्लबात परतलो तेव्हा तिनं मिल्टच्या खुर्चीवर आधीच रुमाल टाकून ठेवला होता. मी आता रोज दुपारी माझ्या जुन्या टेबलावर बसतो आणि खुर्चीचं भाडं हसत देतो. आणि तुमचे आभार. इंगाला तुम्ही प्रेमानं ठेवून घेतलंत, तिच्या कार्डांत तळं असतं, बर्चची झाडं असतात, तुमच्या हातची माशाची आमटी असते. परत कधी येणार ते नसतं, पण घाई काही नाही. तिला हवं तितकं राहू द्या. मी मजेत आहे.

आपला कृतज्ञ,
ऑर्विल लिंडाल

ता. क. मजेत आहे असं वर लिहिलं आहे ते जरा वाढवून लिहिलं आहे. काल मी टोमॅटो सूपचा डबा न उघडताच गरम करायला ठेवला. छत नाकाटानं पुसलं.

ता. क. २. जुन्या टेबलावर बसतो हेही खरं नाही. इंगा गेल्यापासून मी एकदाही बसलेलो नाही. क्लबात बघ्यांसाठी एक कठडा आहे, त्याला टेकून मी उभा असतो. तिथे भाडं नाही. फळ्यावर नाव लिहून घेणारा पोरगा रोज विचारतो, "बसणार का, मिस्टर एल?" मी म्हणतो, आज नको. मिल्टला वाटतं मला मूळव्याध झाली आहे. आणि त्यांचे डब्यातले पैसे मी पेन्शनमधून परत करायला गेलो तर तिघांनीही घेतले नाहीत. मिल्टनं थोडा वेळ विचार केला, पण घेतले नाहीत.

ता. क. ३. ताई, एक गोष्ट मी वर मुद्दाम लिहिली नाही. तुमचं पत्र इंगाच्या अक्षरात होतं. डोळ्यांच्या ऑपरेशनची पट्टी सुटेपर्यंत तुम्ही सांगता आणि ती लिहिते, असं तळाशी होतं. म्हणजे हे पत्र तुम्हाला मोठ्यानं कोण वाचून दाखवतंय ते मला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे. तिला सांगू नका असं मी तुम्हाला म्हटलं, कारण तिला समोर बसवून सांगायची माझी छाती नाही. कधीच नव्हती. घराण्यात न मिळालेल्या नवऱ्याचं ते वाक्य तुम्ही सांगितलंत की तिनं आपल्या मनानं घातलं, तेवढं मात्र मला अजून कळलेलं नाही.

ता. क. ४. इंगा, हे मोठ्यानं वाचू नकोस. सोबत परतीचं बसचं तिकीट आहे. त्यावर तारीख नाही, तू म्हणशील तेव्हा चालेल, आणि रागावली असशील तर नाही चाललं तरी मी समजेन. हे पैसे मात्र कोणाच्याही डावातले नाहीत. दर अर्ध्या तासाला जे मिसेस ओचोआला द्यायचे ते उभ्या उभ्या तुझ्यासाठी बाजूला टाकत आलो. घरातल्या सहाही खुर्च्या रिकाम्या आहेत आणि त्यातल्या एकीवरही मला बसवत नाही. ताईंनी विचारलं मध्येच का थांबलीस, तर सांग, ऑर्विलचं अक्षर लागत नाही.